उंच केलेल्या जीपचा शाफ्ट : खर्चाआधी मोजमाप

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गॅरेजांत जुन्या जीप, जिप्सी आणि थार उंच करून घ्यायला गर्दी होते. कारण उघड आहे. काळ्या मातीची पांदण जुलैत चाक धरून बसते, बंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हातभर खोल जातात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. वावरात खत पोचवायचं आणि आजाऱ्याला रस्त्यापर्यंत आणायचं, ते काम याच गाड्या करतात. गाडी दोन-तीन इंच उंच होते आणि थोड्याच दिवसांत प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याची, तक्रार सुरू होते. साठच्या वेगाला बॉडी थरथरते, गिअर टाकला की खालून ‘टक्’ आवाज येतो, पिनियनचं, म्हणजे एक्सलच्या गोळ्यात (डिफरेन्शियलमध्ये) शाफ्टला जोडलेल्या गिअरचं, ऑइल सील गळतं. मग कुणीतरी सांगतं, शाफ्ट बदला. इथून पुढे कास्तकाराचा जो पैसा जातो त्यातला बराचसा वाया जातो, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मोठे टायर बसवल्यानं शाफ्टचा कोन बदलत नाही, कारण एक्सल आणि चॅसिस दोन्ही सारखेच वर उचलले जातात. बॉडी आणि चॅसिस यांच्यामध्ये पॅकिंग टाकून उंची वाढवली तरीही शाफ्टला फरक पडत नाही, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) चॅसिसवर जागच्या जागी राहतात. शाफ्टचा प्रश्न येतो तो फक्त पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी) किंवा स्प्रिंग बदलून चॅसिस एक्सलपासून वर उचललं तर. टायर बदलल्यावर थरथर सुरू झाली असेल तर शाफ्ट खोलण्याआधी चाकांचं बॅलन्सिंग आणि रिमचा वाकडेपणा बघावा. शाफ्टला त्यात दोष नसतो.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. गाडी दोन इंच उंच केली म्हणून शाफ्ट दोन इंच लांब करून मागणारे रोज भेटतात. हिशेब सोपा आहे. समजा ट्रान्सफर केसचा फ्लँज (शाफ्ट बोल्टनं जोडायची चकती) आणि पिनियनचा फ्लँज यांच्यात आडवं अंतर १००० मिमी आहे आणि पिनियन १०० मिमी खाली आहे. तिरकी लांबी होते १००५ मिमी. गाडी ५० मिमी वर उचलली की पिनियन १५० मिमी खाली जातो आणि लांबी होते सुमारे १०११ मिमी. फरक फक्त ६ मिमी. काही गाड्यांत शाफ्ट आखूड असतो. तिथे ६०० मिमी अंतर आणि ६० मिमी उतार धरला तर ५० मिमी उचलल्यावर फरक सुमारे ७ मिमी येतो. मूळ शाफ्टच्या स्लिपमध्ये, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या जोडात, एवढी जागा बहुतेक वेळा असतेच. जो ५० मिमी लांब शाफ्ट बसवतो त्याची स्लिप जवळजवळ मिटलेली राहते. गाडी खड्ड्यात आदळली, पाटे दबले, की शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही आणि तो सरळ ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर आणि पिनियनवर धक्का देतो. केसिंगला तडा जाण्यामागे कितीदा तरी हेच कारण निघतं.

म्हणजे लांबी थोडीच बदलते, कोन मात्र बराच बदलतो. १००० मिमीच्या शाफ्टला ५० मिमी उंचीनं जवळजवळ ३ अंश वाढतात, ६०० मिमीच्या शाफ्टला पावणेपाच. आखूड शाफ्टवर उंचीचा मार जास्त बसतो तो यामुळे.

कोन वाढल्यानं नेमकं काय होतं ते समजून घेतलं तर पुढचे सगळे निर्णय सोपे जातात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारख्या क्रॉसचा सांधा असतो. या साध्या क्रॉसच्या जॉइंटला कोन दिला की एका बाजूला एकसारखा वेग असला तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. १० अंशाला हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास असतो, २० अंशाला सहा टक्क्यांच्या वर जातो, ३० अंशाला पंधरा टक्क्यांपर्यंत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे तुकडे) एका रेषेत असतील तर एका जॉइंटचा चढउतार दुसरा जॉइंट पुसून टाकतो. दोन्ही कोनांत फरक राहिला की तो पुसला जात नाही, थेट बॉडीत जाणवतो. दोन्ही टोकांच्या कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नसावा, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा.

कोन सारखे असले तरी किती मोठे चालतील हे शाफ्टच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे. शाफ्ट बनवणाऱ्यांच्या तक्त्यात मिनिटाला ३००० फेऱ्यांना साधारण ५.८ अंश, २५०० ला ७, २००० ला ८.७ आणि १५०० ला ११.५ अंश ही मर्यादा दिलेली असते. आपल्या गाडीच्या फेऱ्या काढायला अवघड काही नाही. २३५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४३५ फेरे. डिफरेन्शियलचं गुणोत्तर ४.१ असेल तर शाफ्टचे फेरे १८०० च्या आसपास. ८० ला २४००, १०० ला ३०००. ज्याची गाडी गाव, वावर आणि तालुका एवढंच फिरते आणि साठच्या वर क्वचित जाते, त्याला ९ अंशाचा कोन चालून जाईल. तीच गाडी रोज नागपूर-अमरावती महामार्गावर नव्वदनं पळवायची असेल तर तो कोन क्रॉस खाऊन टाकेल. दोघांनी एकच शाफ्ट, एकाच सल्ल्यानं घेणं चूक आहे. उलट कोन अगदी शून्यही नको. अर्धा ते एक अंश तरी असावा, नाहीतर क्रॉसच्या टोकांवरच्या कपमधल्या बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खाचा पाडतात.

मोजायचं कसं? गाडी सपाट सिमेंटवर, चारही चाकांवर उभी, नेहमीचं वजन आत. जॅकवर लटकलेल्या गाडीचं माप घेऊन आलेला शाफ्ट हमखास चुकतो. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, कारण शाफ्ट काढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवली तरी त्या बाजूनं अडत नाही, आणि ज्या जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो तिथे शाफ्टसोबत हँडब्रेकही जातो. मोबाइलमधला कोन मोजणारा ॲप चालतो, फक्त मोबाइल कव्हरमधून काढून धातूच्या सरळ पट्टीवर टेकवावा. तीन मापं घ्या : ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा कोन, शाफ्टच्या पाइपचा कोन, पिनियनच्या फ्लँजचा कोन. उदाहरण देतो. केसचा अक्ष मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ११ अंश उतरता, पिनियनचा अक्षही ३ अंश. वरचा जॉइंट ११ वजा ३, म्हणजे ८. खालचाही ८. हे बरोबर. आता मागे लांब शॅकल लावल्यानं पिनियनचं नाक ३ अंश वर उचललं गेलं, तर खालचा जॉइंट ५ वर येतो आणि वरचा ८ वरच राहतो. गाडी थरथरणार, नवा शाफ्ट कितीही चांगला बसवला तरी.

शॅकलबद्दल हेही सांगायला हवं की शॅकल ५० मिमीनं लांब केली तर गाडी साधारण २५ मिमीच उंच होते, कारण एक्सल पाट्याच्या मध्यावर असतो. उंची अर्धी मिळते आणि कोन बिघडतो तो वेगळाच. पुढच्या एक्सलला शॅकल पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलनं कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि स्टिअरिंग सैल, भटकतं वाटू लागतं. स्वस्तातली उंची म्हणून शॅकल सगळ्यात आधी सुचवली जाते, आमच्या मते तीच सगळ्यात शेवटी करावी.

कोन सुधारायचा स्वस्त मार्ग म्हणजे पाटा आणि एक्सलची बैठक यांच्यात लोखंडी पाचर. २, ३, ४ अंशांच्या पाचरी लेथवर करून मिळतात. ॲल्युमिनियमच्या पाचरी घेऊ नयेत, त्या खडबडीत रस्त्यावर फुटून निसटतात आणि यू-बोल्ट सैल होतो. पाचरीच्या जाडीइतका सेंटर बोल्ट लांब लागतो, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. दिशा चुकण्याचं प्रमाण फार आहे, म्हणून नीट लिहितो. मागच्या एक्सलला पाटा एक्सलच्या वर असेल तर जाड बाजू पुढे ठेवल्यानं पिनियनचं नाक खाली येतं. पाटा एक्सलच्या खाली असेल तर तीच जाड बाजू पुढे ठेवल्यानं नाक वर जातं. पुढच्या एक्सलला पाचर टाकली की हौसिंगसोबत कॅस्टरही फिरतो, नाक वर कराल तेवढा कॅस्टर घटेल. तिथे शाफ्टचं सुख आणि स्टिअरिंगचं सुख यांत तडजोड करावी लागते आणि स्टिअरिंगला झुकतं माप द्यावं. २०२० मध्ये आलेल्या थारला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे. तिथे पाचर नाही, एक्सल धरणाऱ्या लिंकच्या (दांड्यांच्या) लांबीतून कोन साधावा लागतो. थारच्या पुढच्या चाकांना जाणारे अर्धे शाफ्ट हा वेगळा विषय आहे. त्यांचे रबरी बूट जास्त कोनात लवकर फाटतात. दुकानात ‘पुढचा शाफ्ट’ एवढंच सांगितलं तर भलताच माल हातात येतो, म्हणून ट्रान्सफर केसपासून डिफरेन्शियलपर्यंतचा की डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतचा, हे सांगावं.

दुसरा उपाय, ट्रान्सफर केसखालची आडवी पट्टी १२ ते २० मिमी पॅकिंग टाकून खाली घेणे. वरचा कोन त्यानं कमी होतो. पण इंजिन मागे कलतं. पंखा रेडिएटरच्या शीटला घासतो का, सायलेन्सरचा पाइप अडतो का, गिअरचा दांडा फटीत टेकतो का, हे गाडी चालू करण्याआधी बघावं.

एवढं करून कोन जुळले आणि स्लिपमध्ये जागा असली, तर जुनाच शाफ्ट नवे क्रॉस टाकून चालवा. दोन इंचांपर्यंत उंच केलेल्या बहुतेक गाड्यांचं काम इथे संपतं. थोडी लांबी कमी पडत असेल तर फ्लँजच्या मध्ये लेथवर केलेला स्पेसर टाकता येतो, १० ते २५ मिमीपर्यंत. मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना मूळ फ्लँजसारखी मधली गोल बैठक हवी. नुसती भोकं पाडलेली प्लेट टाकली तर शाफ्ट मध्यावर बसत नाही, सगळा भार बोल्टवर येतो आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर जात नाही. बोल्ट स्पेसरच्या जाडीइतके लांब, ८.८ किंवा १०.९ दर्जाचे, नवे लॉक नट लावून.

स्लिपची जागा अशी तपासा. गाडी चॅसिसवर जॅक लावून उचला, एक्सल पूर्ण लटकू द्या. या स्थितीत स्प्लाइन (स्लिपचा दातेरी भाग) किमान तिच्या व्यासाइतकी तरी आत असावी, दीडपट असेल तर निश्चिंत. मग एका बाजूचं चाक जॅकनं बंप रबरपर्यंत (एक्सलला वर जाताना अडवणाऱ्या रबरापर्यंत) दाबा. या स्थितीत स्लिप मिटायला १२ ते २० मिमी जागा शिल्लक हवी. एक्सल लटकलेला असताना शाफ्ट हातानं पूर्ण फिरवून बघा. योकचे कान एकमेकांना भिडून अडत असतील तर पहिल्याच खोल नाल्यात क्रॉस तुटेल. तिथे योक घासून पातळ करण्यापेक्षा एक्सलला अडवणारा मजबूत पट्टा लावणं बरं. शाफ्ट सायलेन्सरला किंवा टाकीला लागतो का तेही याच वेळी दिसतं.

आता ज्यांना शाफ्ट घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी. पाटे एक्सलच्या खालून वर घेतले असतील तर उंची पाच-सहा इंच वाढते आणि शाफ्ट बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं. पाइप ठेचलेला, योकची भोकं मोठी झालेली किंवा स्प्लाइनला खेळ आलेला असेल तरीही.

आमच्या मते सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे आपल्याच शाफ्टची दोन्ही टोकं चांगली असतील तर ती ठेवून मधला पाइप नवा टाकणे. फ्लँज, भोकांचं वर्तुळ, क्रॉसचं माप, स्प्लाइन, काहीच जुळवावं लागत नाही. पाइप सीमलेस घ्यावा, भिंत ३ मिमीच्या आसपास, आणि बाहेरचा व्यास मूळइतकाच. पाइपचा आतला व्यास योकच्या मानेवर दाबून बसणारा हवा. सैल बसतो म्हणून वेल्डिंगनं भरून काढलेली फट म्हणजे वाकडा शाफ्ट. पाण्याच्या नळाचा जस्त चढवलेला पाइप कधीच वापरू नये. जस्तामुळे वेल्डिंगला छिद्रं पडतात आणि पाइपही त्या पिळासाठी बनलेला नसतो. वेल्डिंगचा जुना टाका गॅसनं न कापता लेथवर सोलून काढावा. दोन्ही योक एका रेषेत ठेवून चार ठिकाणी टाचे, मग डायल (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) लावून फिरवून सरळ करणं, मग पूर्ण टाका. मिग वेल्डिंग किंवा ७०१८ कांडी, साधी ६०१३ नको. पूर्ण झाल्यावर पाइपचा वाकडेपणा मध्यावर ०.२५ ते ०.५ मिमीच्या आत असावा. पाइपला मध्ये जोड देऊन लांबी वाढवणाऱ्याला काम देऊ नये.

दुसरा मार्ग भंगार बाजारातला. नागपूर, अकोला, अमरावती इथल्या जुन्या पार्टच्या दुकानांत चांगला माल मिळतो, पण तो बघून घ्यावा लागतो. लांब शाफ्ट आखूड करता येतो, म्हणून त्याच मालिकेतल्या लांब गाडीचा शाफ्ट शोधा. घेताना स्लिप धरून उलटसुलट पिळा, बोटाला खेळ जाणवला तर सोडून द्या. क्रॉसचा कप योकच्या भोकात हातानं सरकत असेल तर तो योक संपला. फ्लँजची भोकं लांबट झालीत का, पाइपवर ठेचा किंवा निळसर तापल्याची खूण आहे का, वेल्डिंगनं चिकटवलेली बॅलन्सची चकती निघून गेलीय का, हे उजेडात बघा. भंगारातला शाफ्ट पुढच्या एक्सलला लावायला जास्त योग्य, विशेषतः पुढे फ्री-व्हीलिंग हब (चाक एक्सलच्या शाफ्टपासून मोकळं करता येणारे) असतील तर. हब मोकळे असताना तो फिरतच नाही. मागचा शाफ्ट मात्र प्रत्येक किलोमीटर भार ओढतो.

सोबत व्हर्नियर न्या आणि क्रॉस मोजा : कपचा व्यास, आणि एका कपच्या बाहेरच्या टोकापासून समोरच्या कपच्या टोकापर्यंतचं अंतर. स्पायसर कंपनीच्या १३१० मालिकेत कप २७ मिमी आणि अंतर सुमारे ८२ मिमी. १३३० मध्ये कप तोच २७ मिमी, पण अंतर ९२ मिमी. कपचं माप बघून घेतलेला क्रॉस घरी येऊन बसत नाही तो यामुळेच. सर्क्लिप (कप जागेवर धरणारी कडी) आतून बसते की बाहेरून, हेही लिहून न्या.

मजबुतीच्या हौसेनं मालवाहू गाडीचा जाड शाफ्ट बसवायचा मोह टाळावा. क्रॉस हा स्वस्तात तुटणारा भाग आहे. तो अति मजबूत केला की चिखलात अडकलेल्या गाडीला झटका दिल्यावर पिनियन किंवा ट्रान्सफर केसचा गिअर तुटतो आणि खर्च कितीतरी पट होतो. जड शाफ्टचं वजन आउटपुट बेअरिंगवर येतं, ते वेगळं.

उंची फार जास्त असेल आणि रस्त्यावर वेगही हवा असेल, तर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉसचा जॉइंट असलेला शाफ्ट लागतो. तो महाग आहे. तो लावला तर कोन सारखे ठेवायचा नियम बदलतो. पिनियनचं नाक सरळ शाफ्टच्या रेषेकडे वळवायचं, भारावर ते वर उचलतं म्हणून एक-दोन अंश खाली ठेवून. जुना कोन तसाच ठेवून असा शाफ्ट टाकला तर पैसे देऊन थरथर विकत घेतल्यासारखं होतं.

ज्यावर पैसा वाचवू नये ती गोष्ट म्हणजे बॅलन्सिंग. ४० मिमी त्रिज्येवर २० ग्रॅमचा वेल्डिंगचा गोळा राहिला तर ३००० फेऱ्यांना तो सुमारे ८ किलोच्या जोरानं शाफ्ट बाहेर ओढतो, सेकंदाला ५० वेळा. १५०० फेऱ्यांना हाच जोर २ किलो असतो, म्हणून गावात काही जाणवत नाही आणि महामार्गावर गाडी खिळखिळी होते. मशीनवर फिरवून केलेलं बॅलन्सिंग हवं, जी १६ दर्जाचं (ही बॅलन्सिंगच्या अचूकतेची श्रेणी) मागा. दोन पट्ट्यांवर ठेवून जड बाजू खाली येते का बघणं पुरेसं नाही. बॅलन्सिंग पूर्ण शाफ्टचं करावं, स्लिप आणि क्रॉससकट, आणि नंतर स्लिप ओढून काढण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीनं बाणाची खूण करावी. एक दात चुकून बसली की योक रेषेत राहत नाहीत आणि केलेलं बॅलन्सिंगही जातं.

क्रॉस बसवताना हातोड्यापेक्षा व्हाइस किंवा प्रेस बरी. एक सुई आडवी पडली की कप शेवटपर्यंत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. बसल्यावर योकला हलका ठोका देऊन मोकळा करा. जॉइंट सगळ्या दिशांना हातानं सारखा फिरला पाहिजे. जिथे क्रॉस यू-बोल्टनं धरलेला असतो तिथे पान्यावर ताकद लावू नये. १३१० मापाला २० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, जास्त आवळलं तर कप चपटा होतो आणि नवा क्रॉस महिन्यात ओरडू लागतो. उलट फ्लँजच्या एम १० बोल्टला ८.८ दर्जात ४५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात.

ग्रीसच्या निपलचा (ग्रीस भरायचं तोंड असलेला) क्रॉस घ्यावा की बंद? बंद क्रॉस मजबूत असतो, कारण त्याला आतून भोक नसतं. पण आपल्याकडे चिखल आणि नाल्याचं पाणी आहे, म्हणून निपलवालाच घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. निपल अशा बाजूला ठेवा की पुढे जाताना त्या कोपऱ्यावर दाब येईल, ताण नाही, आणि ग्रीसगनही पोचेल. लिथियमचं ईपी २ ग्रीस चारही कपांतून बाहेर दिसेपर्यंत भरा. एखाद्या कपातून येत नसेल तर तो कप कोरडा आहे. गाडी नाल्याच्या पाण्यात हबपर्यंत बुडाली की त्याच दिवशी ग्रीस. कपाभोवती लाल भुकटी दिसली तर ग्रीसनं काही होणार नाही, क्रॉस बदला.

शाफ्ट बसवून झाल्यावर पुढच्या जॉइंटपासून १५० मिमीच्या आत ६ मिमी जाड आणि ५० मिमी रुंद पट्टीची कडी चॅसिसला लावा. धावत्या गाडीचा पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक जमिनीत रुततं आणि गाडी उचलून फेकली जाते. ही कडी भंगारातल्या पट्टीतून होते. जीप भरून मजूर नेणाऱ्यांनी तरी ती लावावीच.

तरीही थरथर राहिली तर ओळखण्याची खूण अशी. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर थरथर बदलत असेल तर दोष कोनाचा. फक्त वेगाबरोबर बदलते, भाराबरोबर नाही, तर दोष बॅलन्सचा किंवा वाकडेपणाचा. शंका उरली तर मागचा शाफ्ट काढून फोर व्हील हायमध्ये सरळ सपाट रस्त्यावर थोडं अंतर हळू चालवून बघा. थरथर गेली तर दोष मागच्या शाफ्टमध्येच. ज्या शाफ्टचा स्लिप योक थेट केसमध्ये जातो तो काढल्यावर तेल गळतं, तिथे ही चाचणी करू नये.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. उंची वाढवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारावं. अपघात झाल्यावर विमा नाकारला गेला तर शाफ्टवर वाचवलेले पैसे कामी येत नाहीत.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून दोन मागण्या मांडायच्या आहेत. शाफ्ट बनवून देणाऱ्या आणि विकणाऱ्या दुकानदारांनी पक्क्या बिलावर पाच गोष्टी लिहून द्याव्यात : मिटलेली आणि ताणलेली लांबी, क्रॉसचं माप, पाइपचा व्यास आणि भिंत, स्प्लाइनचे दात, बॅलन्सिंग मशीनवर झालं की नाही. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. तो भरून घेतलेल्या मालाचं माप कागदावर मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. दुसरी मागणी शासनाकडे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य आयटीआयला शाफ्ट बॅलन्सिंगचं एक मशीन द्यावं आणि ते माफक दरात बाहेरच्या गॅरेजांनाही खुलं ठेवावं. आज भामरागड किंवा धारणीच्या माणसाला एका शाफ्टच्या बॅलन्सिंगसाठी मोठ्या शहरापर्यंत जावं लागतं. म्हणून तो ते करतच नाही, आणि त्याच्या गाडीत बसणाऱ्यांचा जीव त्या शाफ्टवर असतो.

आपले,
गॅरेज आणि लेथवर काम करणारे काही कारागीर
वणी–पांढरकवडा परिसर, जि. यवतमाळ